मॅमोग्राफी करून घेऊ का? एका शिक्षिकेच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे (मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची क्ष-किरणांनी केलेली तपासणी): "मी ४३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझ्या सख्ख्या मावशीला गेल्या वर्षी, वयाच्या ६१ व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग निघाला. तेव्हापासून मी दर महिन्याला स्वतः तपासते, पण मला सगळीकडेच गाठी लागतात आणि मग रात्रभर झोप येत नाही. शाळेतल्या दोघींनी शिबिरात उष्णतेच्या कॅमेऱ्याने तपासणी करून घेतली, एकीने रक्ततपासणीचं पॅकेज केलं. मी मॅमोग्राफी करावी का? किती वर्षांनी? तिच्या किरणांनीच काही होणार नाही ना? आई ६८ वर्षांची आहे, ती म्हणते, आता या वयात कशाला."

ताई, सगळ्यात आधी एक फरक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काहीही त्रास नसलेल्या, गाठ न लागलेल्या बाईची ठरावीक काळाने केलेली तपासणी म्हणजे चाळणी तपासणी. आणि हाताला काहीतरी नवीन लागलंय, त्वचा ओढली गेलीय, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येतोय, अशा बाईची तपासणी म्हणजे निदान. चाळणी तपासणीला आठवडा-महिना पुढे-मागे झाला तरी बिघडत नाही. निदानाला मात्र थांबायचं नसतं. दवाखान्यात मी रोज पाहते की बायका नेमकं उलटं करतात. धडधाकट असताना शिबिरातल्या कॅमेऱ्यासमोर तासभर रांगेत उभ्या राहतात आणि गाठ लागल्यावर सहा-सहा महिने कुणालाच सांगत नाहीत.

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावातून ५२ वर्षांची बाई आली होती. तपासायला पडद्याआड गेलो तरी तिने डाव्या बाजूवरचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. गाठ कधीपासून आहे विचारलं तर म्हणाली, आठ महिने झाले असतील, आधी चिंचोक्याएवढी होती. आता ती लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती. आठ महिने का थांबलात, तर लेकीचं लग्न, मग सुगी, मग दिवाळी. आणि शेवटी जे वाक्य बोलली ते मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मला ते सगळ्यांना आधीच सांगावंसं वाटतं: "बाई, दुखत नव्हती ना. दुखली असती तर पहिल्याच दिवशी आले असते." स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जे जड होतं, ठणकतं, ते जवळजवळ नेहमी हार्मोन्समुळे असतं आणि पाळी आली की उतरतं. न दुखणारी गाठ आधी दाखवायची, हे तुमच्या शाळेतल्या सगळ्याजणींना सांगा.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले आणि ९८ हजारांहून अधिक जणी दगावल्या. हे प्रमाण इतकं वाईट असण्याचं मोठं कारण म्हणजे आजार उशिरा हाती येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ दरम्यान, ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की कर्करोगासाठी स्तनांची तपासणी कधी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकसुद्धा नाही.

आता तुमची दर महिन्याची स्वतपासणी. तुम्ही चूक करत नाही आहात, पण त्यातून झोप उडत असेल तर पद्धत बदलायला हवी. चीनमधल्या शांघाय शहरात कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला होता. निम्म्या जणींना स्वतपासणी अगदी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा उजळणी करून घेतली. दहा वर्षांनंतर दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच होते. शिकवलेल्या गटात फक्त साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, जास्त झाल्या. २००२ मध्ये हा निष्कर्ष आल्यापासून दर महिन्याला ठरावीक दिवशी काटेकोर स्वतपासणी केलीच पाहिजे, असं आम्ही सांगत नाही. पण त्याचा अर्थ हात लावू नका असाही नाही. आपल्याकडे बहुतेक गाठी त्या बाईच्या स्वतःच्याच हाताला लागतात, अंघोळ करताना, कपडे बदलताना. म्हणून मी म्हणते की परीक्षा घेऊ नका, ओळख करून घ्या. आपलं अंग एरवी कसं लागतं हे माहीत असलं की वेगळं काही आलं तर लगेच कळतं.

ओळख करून घ्यायची ती पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी. पाळीच्या आधी तपासलंत तर सगळंच गाठाळ लागणार, आणि मला वाटतं तुमचं हेच होत असावं. उताणं झोपा, ज्या बाजूला तपासायचं त्या खांद्याखाली छोटी उशी किंवा घडी केलेली चादर घ्या, तो हात डोक्याखाली. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं सपाट ठेवा. टोकं खुपसायची नाहीत, पेरांचा मऊ भाग वापरायचा. रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ फिरवत काखेपासून उभ्या पट्टीत खाली यायचं, मग बाजूच्या पट्टीत वर. प्रत्येक जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग फासळी लागेल इतका. चिमटीत धरून तपासू नका. चिमटीत धरलं की प्रत्येक बाईला गाठच लागते. स्तनाच्या खालच्या कडेला जी जाडसर पट्टी लागते ती सगळ्यांनाच असते. काखेकडच्या वरच्या भागात भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दाणेदार लागतं, तेही बहुतेक जणींना असतं. तिथे मूळ ग्रंथींचाच भाग जास्त असतो. दोन्ही बाजूंना सारखं लागतंय का, एवढं बघा. एकाच बाजूला, एकाच जागी, पाळीनंतरही न जाणारं काही असेल तर ते दाखवायचं.

आशाताईंना शिकवताना मी एक करते. मळलेल्या कणकेचे दोन गोळे घेते, एकात तेल लावलेला चिंचोका ठेवते, दुसऱ्यात कच्च्या सुपारीचा खडबडीत तुकडा खोल दाबून बसवते. वरून ओला फडका टाकून डोळे मिटून तपासायला सांगते. चिंचोका बोटाखालून सटकतो, कडा गुळगुळीत लागतात. तरुण मुलींमधली फायब्रोअडेनोमाची साधी गाठ अशी असते. सुपारी जागची हलत नाही, तिला नीट कडा नसतात, तिच्यासोबत आजूबाजूची कणीकही सरकते. कर्करोगाची गाठ पुष्कळदा अशी लागते. हे सांगितल्यावर लगेच दुसरंही सांगते: एवढ्यावरून घरी निर्णय घ्यायचा नाही. गुळगुळीत, हलणारी गाठही क्वचित फसवते. बोटांचं काम "काहीतरी आहे" एवढं सांगण्याचं, "काय आहे" ते तपासण्या सांगतील.

गाठीशिवाय काही खुणा आरशात दिसतात. हात वर केल्यावर कातडीवर पडणारी खळी, सरळ असलेलं स्तनाग्र अलीकडे आत ओढलं जाणं, संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्राछिद्रांची कातडी, काखेत अवधाण आल्यासारखी गाठ, एकाच छिद्रातून आपोआप येणारा रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव. स्तनाग्रावर खाज, खपली असेल आणि मलम लावून दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर तीही दाखवा. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत तर घरात सगळे म्हणतात, दूध साकळलंय, शेक दे. बहुतेक वेळा तसंच असतं. पण शेक, औषध करून दोन आठवड्यांत गाठ विरली नाही तर सोनोग्राफी करायचीच. पाजत असताना ती सुरक्षित असते.

आता तपासणी कुणाकडून, हा मुद्दा. मला इथे थोडं रेंगाळायचं आहे, कारण आपल्याच मातीतला एक अभ्यास फार थोड्यांना माहीत आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये काम सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केलं, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांमध्ये हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, किरण नाहीत, शिकलेले हात फक्त. दुसऱ्या गटाला कर्करोगाची माहिती दिली. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडत होता, आणि ५० वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी ठरलेली आहे, ती त्याच वाटेवरची. उपकेंद्रात नर्सताई ती करतात, पैसे लागत नाहीत. तुमच्या गावात होत नसेल तर आशाताईंना विचारा, चार बायकांनी मिळून विचारलं की होते.

तुम्ही मात्र ४३ च्या आहात आणि मॅमोग्राफी परवडण्यासारखी आहे, म्हणून थेट सांगते. वर्षातून एकदा जाणत्या डॉक्टरांकडून हाताने तपासणी करून घ्या आणि दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करायला हरकत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस केली, आधी ती पन्नाशीपासून होती. पण तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे लागू होत नाहीत. आपल्याकडे या आजाराचं प्रमाण अमेरिकेच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. आपल्या रुग्णांचं सरासरी वय तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी असतं हे खरं, पण त्यामागे आपली लोकसंख्याच तरुण असणं हेही एक कारण आहे. वय वाढतं तसा धोका आपल्याकडेही वाढतच जातो.

मॅमोग्राफीचा फायदा आणि तिचं ओझं, दोन्ही समजून मग ठरवा. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने हिशेब मांडला होता: पन्नाशीच्या १० हजार स्त्रियांना वीस वर्षं बोलावत राहिलं तर ४३ जणींचा जीव वाचतो, आणि १२९ जणींना असा कर्करोग सापडतो जो आयुष्यभर त्रास देणारच नव्हता, तरी त्याचे उपचार होतात. चाळिशीत फायदा त्याहूनही कमी असतो आणि खोट्या धोक्याच्या घंटा जास्त वाजतात, कारण तरुण वयात स्तन दाट असतात. दाट भाग फिल्मवर पांढरा दिसतो, गाठही पांढरी दिसते. पांढऱ्यावर पांढरं शोधायचं. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये दाटपणा जास्त लिहिला असेल तर सोबत सोनोग्राफी करून घ्या. एवढं ऐकूनही करायची असेल तर नक्की करा, आणि पन्नाशीपर्यंत थांबून फक्त हाताची तपासणी करायची ठरवलीत तरी मी तुम्हाला निष्काळजी म्हणणार नाही. पन्नाशीनंतर मात्र माझा आग्रह असतो.

किरणांची भीती मनातून काढा. मॅमोग्राफीच्या चार फिल्मना मिळून जेवढे किरण लागतात, तेवढे जमिनीतून, आकाशातून आपल्याला साधारण दीड-दोन महिन्यांत आपोआप मिळत असतात. दर दोन वर्षांनी एवढं घेतल्याने होणारा धोका फायद्यापुढे फार लहान आहे. दाब मात्र येतो. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून धरतात, कारण जाडी कमी झाली की चित्र स्पष्ट येतं आणि किरणही कमी लागतात. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात जा, त्रास कमी होईल. सलवार-कमीज किंवा साडी-ब्लाउज असे दोन भागांतले कपडे घाला. त्या दिवशी काखेत पावडर, डिओडरंट, काही लावू नका. त्यातले कण फिल्मवर चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात आणि सुरुवातीचा कर्करोग ओळखण्याची एक खूण नेमकी तशाच ठिपक्यांची असते. आणि जुन्या फिल्म असतील तर घेऊन जा. दोन वर्षांपूर्वीचं चित्र शेजारी ठेवलं की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

उष्णतेच्या कॅमेऱ्याचं आकर्षण मला कळतं. हात लावायचा नाही, दाबायचं नाही, किरण नाहीत. पण ती तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही तसं बजावलं आहे. त्यात काही निघालं नाही म्हणून निर्धास्त झालेल्या तुमच्या मैत्रिणींना हाताची तपासणी तरी करून घ्यायला सांगा. रक्ताच्या पॅकेजमधल्या ट्यूमर मार्करने, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या घटकाच्या चाचणीने, धडधाकट बाईतला स्तनाचा कर्करोग शोधता येत नाही. सुरुवातीच्या आजारात तो बहुतेकदा नॉर्मल येतो आणि इतर साध्या कारणांनी वाढलेलाही दिसतो. तो पैसा मॅमोग्राफीला लावलेला बरा. नुसती सोनोग्राफीही चाळणी म्हणून पुरत नाही, कारण ते चुन्याचे ठिपके तिला नीट दिसत नाहीत. पण चाळिशीच्या आतल्या मुलीला गाठ लागली तर पहिली तपासणी सोनोग्राफीच.

मावशीच्या आजाराने तुमचा धोका थोडा वाढतो, घाबरून जाण्याइतका नाही. एकच नातेवाईक, तीही मावशी, तीही साठीनंतर. आईकडच्या आणि वडिलांकडच्याही बाजूला विचारून बघा (वडिलांकडची बाजू बायका विसरतातच): कुणाला पन्नाशीच्या आत झाला होता का, एकीलाच दोन्ही स्तनांत झाला होता का, कुणाला अंडाशयाचा कर्करोग, किंवा घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा? असं काही निघालं तर बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतला दोष घराण्यात उतरतो आणि या कर्करोगांचा धोका वाढवतो) चाचणीबद्दल बोलायला हवं, आणि ती शक्यतो आधी आजारी असलेल्या व्यक्तीची करतात. तो दोष सापडलेल्या स्त्रियांची तपासणी पंचविशी-तिशीपासून एमआरआयने होते, तो वेगळा रस्ता आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. "आमच्यात कुणाला नाही" म्हणून थांबलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात.

मॅमोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की त्यावर बायरॅड्स, म्हणजे संशय किती आहे हे सांगायची ठरलेली श्रेणी, आणि एक आकडा असेल. माझ्याकडे एक ताई रात्रभर रडून सकाळी आल्या होत्या, कारण रिपोर्टवर ४ होता आणि त्यांनी तो कर्करोगाचा चौथा टप्पा समजला होता. तसं नसतं. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी लागेल. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे साधं, निरुपद्रवी काहीतरी. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता दोन टक्के किंवा त्याहून कमी असते, सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ म्हणजे संशय आहे, सुईने तुकडा काढून तपासा, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना शेवटी कर्करोग नसतो. ५ ला मात्र शक्यता ९५ टक्क्यांच्या वर. त्या ताईंची गाठ साधी निघाली. आणि एक उलट गोष्ट: हाताला गाठ लागतेय पण मॅमोग्राफी नॉर्मल आहे, तर तपास तिथे थांबवायचा नाही. जाणवणारे काही कर्करोग फिल्मवर दिसतच नाहीत.

सुई टोचली की आजार पसरतो, हे तुम्ही ऐकलं असेलच. पसरत नाही. जागा बधिर करून सुईने दोन-चार बारीक तुकडे घेतात, टाक्याचीही गरज पडत नाही, आणि पुढचं सगळं त्या तुकड्यांवर ठरतं. खरं नुकसान होतं ते सुईची तपासणी न करताच "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून कापल्यावर. माझ्याकडे अशा बायका येतात, अर्धवट काढलेली गाठ, आडवा-तिडवा छेद, आणि काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवलेलाच नाही. मग पुन्हा ऑपरेशन. तेव्हा कुणीही गाठ काढायची म्हणालं तर विचारा: आधी सुईची तपासणी झाली का, आणि काढलेली गाठ तपासायला जाणार ना? हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

कर्करोग निघालाच तरी स्तन काढावाच लागतो असं नाही. अमेरिका आणि इटलीत झालेल्या दोन अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले: लवकरच्या टप्प्यात फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य तेवढंच मिळतं. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटायचं. पैशांपायी घरी गाठ लपवू नये म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आणि आई. ६८ हे वय तपासणी सोडण्याचं नाही, उलट याच वयात धोका तुमच्यापेक्षा जास्त आहे, आणि स्तन सैल, कमी दाट झाल्याने मॅमोग्राफीत दिसतंही अधिक स्पष्ट. त्यांना कदाचित लाज वाटत असेल. तपासायला बाई असेल का, हे आधी फोन करून विचारा, आणि डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत नर्स हवी असं स्पष्ट सांगा, तो तुमचा हक्क आहे. पाळी गेलेली असल्याने त्यांना कुठलाही दिवस चालेल, तेव्हा तुमच्या पाळीनंतरचा एखादा शनिवार ठरवा आणि दोघींचीही एकदमच करून घ्या. त्यांना सांगा की तुम्हाला एकटीला जायला भीती वाटतेय. माझ्या अनुभवात आया या कारणाने नक्की येतात.